काल्पनिक आरमाराचे जागरूक पहारेकरी

'ऑनर हॅरिंग्टन' ही लष्करी विज्ञानकादंबऱ्यांची माला १९९३ पासून सुरू आहे. तिच्या वाचकांच्या चर्चांनी या कल्पित विश्वाला शिस्त लावली, त्यातील चुका दाखवल्या आणि प्रसंगी लेखकाला आकडे बदलायला लावले. मात्र नायिकेच्या मरणाचा प्रश्न या वाचकांना आजही सोडवता आलेला नाही.

१९९३ मध्ये अमेरिकेतील 'बेन बुक्स' या प्रकाशनसंस्थेने 'ऑन बेसिलिस्क स्टेशन' ही कादंबरी प्रसिद्ध केली. लेखक होते डेव्हिड वेबर. १९५२ मध्ये ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे जन्मलेल्या वेबर यांना इतिहासाची आवड होती आणि पटावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांच्या जगातही त्यांचा वावर होता. 'स्टारफायर' या खेळाच्या पार्श्वभूमीवर स्टीव्ह व्हाइट यांच्यासह लिहिलेली त्यांची 'इन्सरेक्शन' ही कादंबरी १९९० मध्ये आली होती. नव्या कादंबरीची नायिका होती ऑनर हॅरिंग्टन, एका जुनाट क्रूझरची कप्तान. वरिष्ठांची मर्जी गमावल्यामुळे तिची नेमणूक कोणालाही नको असलेल्या दूरच्या ठाण्यावर होते. तिथे शत्रूचे कारस्थान तिच्या लक्षात येते आणि अपुऱ्या साधनांनिशी ती ते उधळून लावते. कथानक म्हणाल तर सरळ. पण त्यातून जी माला उभी राहिली, तिच्या मुख्य धारेतील कादंबऱ्यांची संख्या २०१८ पर्यंत चौदावर गेली. उपमाला, कथासंग्रह आणि पूर्वकथा यांची भर वेगळीच.

लष्करी विज्ञानकथा हा प्रकार वेबर यांनी निर्माण केलेला नाही. रॉबर्ट हाइनलाइन यांची 'स्टारशिप ट्रूपर्स' (१९५९) आणि व्हिएतनाम युद्धात प्रत्यक्ष लढलेल्या जो हाल्डमन यांची 'द फॉरेव्हर वॉर' (१९७४) या दोन कादंबऱ्यांनी त्याची दोन टोके आधीच निश्चित केली होती. एकीत सैनिकी कर्तव्याचा गौरव होता, तर दुसरीत युद्धाच्या निरर्थकतेचा दाहक अनुभव. वेबर यांचे वेगळेपण असे, की त्यांनी पायदळाऐवजी आरमार निवडले आणि त्या आरमाराचा सारा संसार वाचकांपुढे मांडला. त्यात हुद्दे आहेत, बढत्या आहेत, गोदीतील दुरुस्त्या आहेत, अर्थसंकल्पावरील भांडणे आहेत आणि सेनाधिकाऱ्यांचे आपसातील हेवेदावेही आहेत. इतका तपशील समोर आल्यावर वाचकांनी त्याची तपासणी सुरू केली, यात नवल नाही.

शिडाच्या जहाजांचा वारसा

या मालेची मुळे अवकाशात नसून समुद्रात आहेत. ब्रिटिश लेखक सी. एस. फॉरेस्टर यांनी १९३७ पासून नेपोलियनच्या काळातील होरेशियो हॉर्नब्लोअर या नौदल अधिकाऱ्याच्या कादंबऱ्या लिहिल्या. वेबर यांनी आपली पहिली कादंबरी फॉरेस्टर यांनाच अर्पण केली असून, नायक आणि नायिका यांच्या नावांची आद्याक्षरेही एकच आहेत. मँटिकोर हे छोटे, श्रीमंत, व्यापारी राजसत्ताक राष्ट्र म्हणजे ब्रिटनची प्रतिमा, तर हेवन हे विस्तारवादी प्रजासत्ताक म्हणजे फ्रान्सची, हे वाचकाच्या लवकरच ध्यानात येते. मँटिकोरच्या समृद्धीचे रहस्य आहे तिच्या ताब्यातील वर्महोलचा संगम. वर्महोल म्हणजे दूरच्या ताऱ्यांना जोडणारी अवकाशातील आडवाट. या आडवाटांनी जाणाऱ्या व्यापारी जहाजांकडून मिळणारा कर हाच मँटिकोरच्या आरमाराचा पाया आहे.

खरी गंमत पुढेच आहे. सुमारे दोन हजार वर्षांनंतरच्या अवकाशात नेल्सनच्या काळातील तोफांची सरबत्ती आणायची कशी? वेबर यांनी त्यासाठी एक कल्पित तंत्र रचले. त्यांच्या युद्धनौका गुरुत्वाकर्षणाच्या दोन प्रचंड पट्ट्यांमध्ये बसून प्रवास करतात. एक पट्टा वर, एक खाली, आणि दोन्ही मिळून पाचरीचा आकार. हे पट्टे कोणत्याही शस्त्राला अभेद्य असतात. बाजूंना तुलनेने दुबळी संरक्षक भिंत असते, तर पुढचे आणि मागचे तोंड उघडे. साहजिकच नौकेची बहुतेक शस्त्रे बाजूंना बसवावी लागतात आणि शत्रूच्या उघड्या तोंडासमोर आडवे जाणे हा सर्वांत घातक डाव ठरतो. शिडाच्या जहाजांच्या काळातील रणनीती अशा रीतीने नव्या भौतिकीच्या आधारे पुन्हा अवतरते. तारकांमधील प्रवासासाठीच्या यंत्रणेलाही वेबर यांनी 'शीड' असेच नाव दिले आहे.

या पाचरीवरून वाचकांमध्ये झालेला काथ्याकूट अफाट आहे. पट्टे अभेद्य असतील तर नौकेला आतून बाहेरचे कसे दिसते? दोन नौकांच्या पाचरी एकमेकींना भिडल्या तर काय होईल? उघड्या तोंडालाही भिंत का घालता येऊ नये? यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुढील कादंबऱ्यांत कथेचाच भाग होऊन आले. तशी भिंत घालणे शक्य होते, परंतु ती असेपर्यंत नौकेला वेग वाढवता येत नाही, असे बंधन वेबर यांनी त्यावर घातले. नियम आणि त्याची किंमत या दोन्हींचा हिशेब चुकता करणे, ही शिस्त वाचकांना सर्वाधिक भावते.

हिशेबाची वही

मालेच्या चाहत्यांत अभियंते, संगणकतज्ज्ञ, इतिहासाचे अभ्यासक आणि माजी सैनिक यांचा भरणा लक्षणीय आहे. त्यांच्या चर्चेला शाळेतील भौतिकीची सूत्रे पुरतात. समजा, एका क्षेपणास्त्राचे त्वरण पृथ्वीवरील गुरुत्वत्वरणाच्या ४५,००० पट आहे आणि त्याचे इंजिन १८० सेकंद चालते. मग त्याचा अंतिम वेग सेकंदाला सुमारे ७९,००० किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या चतुर्थांशाहून थोडा अधिक भरतो आणि तेवढ्या वेळात ते सुमारे ७१ लाख किलोमीटर अंतर कापते. कादंबरीत दिलेला मारक पल्ला अशा गणिताशी जुळतो की नाही, हे पाहणारे वाचक असतात आणि बहुतेक वेळा तो जुळतो.

एक चूक मात्र अशी निघाली, की ती लेखकाला दुरुस्त करावी लागली. मालेतील सर्वांत मोठ्या युद्धनौकांचे वस्तुमान सुमारे ८० लाख टन सांगितले आहे. सुरुवातीच्या पुस्तकांत त्यांची लांबी-रुंदी देताना घनफळाकडे दुर्लक्ष झाले होते. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी दुप्पट केली, तर घनफळ आठपट होते, ही साधी गोष्ट येथे नडली. उदाहरणादाखल ८० लाख टनांची नौका चार किलोमीटर लांब आणि सहाशे मीटर व्यासाची मानली, तर तिची घनता एका घनमीटरला जेमतेम सात किलोग्रॅम येते. पाणी याहून सुमारे १४० पट जड असते. जाड चिलखत ल्यालेली युद्धनौका प्रत्यक्षात धुराच्या लोटासारखी विरळ निघाली! या विश्वावर आधारित युद्धखेळ तयार करताना ही विसंगती ठळक झाली. त्यानंतर वस्तुमान तेच ठेवून नौकांची मापे कमी करण्यात आली. चाहत्यांच्या बोलीत हा प्रसंग 'महान आकारबदल' म्हणून ओळखला जातो आणि त्याचा उल्लेख ते काहीशा अभिमानानेच करतात.

वाचकांच्या या चिकित्सेला पुढे रीतसर स्थान मिळाले. चाहत्यांतूनच पुढे आलेला 'ब्यूनाइन' हा सल्लागारांचा गट वेबर यांना तांत्रिक बाबींत साहाय्य करू लागला. २०१३ मध्ये निघालेल्या 'हाउस ऑफ स्टील' या संदर्भग्रंथावर वेबर यांच्याबरोबर या गटाचेही नाव आहे. नौकांचे वर्ग, राज्यघटना, हुद्द्यांची उतरंड, गणवेश आणि पदके अशी माहिती त्यात आहे. वाचक म्हणून आलेली माणसे अखेरीस दप्तरी दाखल झाली, असे म्हणावे लागेल.

याहून वेगळी वाट आहे ती 'रॉयल मँटिकोरन नेव्ही' या नावाने २००९ पासून चालणाऱ्या अधिकृत चाहतासंघाची. त्याच्या शाखांना युद्धनौकांची नावे असतात. सदस्यांना हुद्दे मिळतात आणि बढतीसाठी परीक्षा द्याव्या लागतात. संमेलनांत गणवेश घालून वावरणारे हे सदस्य धर्मादाय कामांसाठी निधीही गोळा करतात. बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटेल. पण कादंबरीतील आरमाराचा आत्मा शस्त्रांत नसून कर्तव्य, परंपरा आणि सहकाऱ्यांवरील विश्वास यांत आहे, असे मानणाऱ्यांनी ती मूल्ये आपल्यापरीने अंगीकारण्याचा केलेला हा प्रयत्न आहे.

शत्रू कोण?

तंत्राइतकाच वाद राजकारणावरूनही होतो. पहिल्या काही कादंबऱ्यांतील हेवन सरकारी अनुदानावर जगणाऱ्या प्रजेच्या ओझ्याने दिवाळखोर झालेले असून शेजारी ग्रह गिळून तिजोरी भरते. कल्याणकारी राज्यावरची ही उघड टीका काही वाचकांना पटते, तर काहींना ती एकांगी वाटते. पुढे तेथे क्रांती होते. तिच्या नेत्याचे नाव रॉब एस. पिएर. फ्रेंच राज्यक्रांतीतील रोबेस्पिएरचा हा प्रतिध्वनी इतका उघड आहे, की तो विनोद मानावा की उणीव, यावरही एकमत नाही.

तथापि वेबर यांच्या बाजूने एक मुद्दा नेहमी मांडला जातो. त्यांनी शत्रूला माणसाचा चेहरा दिला. थॉमस थाइझमन हा हेवनचा अधिकारी ऑनरइतकाच कर्तव्यनिष्ठ आहे. २००० च्या 'अॅशेस ऑफ व्हिक्टरी'मध्ये तोच आपल्या देशातील दहशतीची राजवट संपवतो आणि प्रजासत्ताकाची पुन:स्थापना होते. उलट २००२ च्या 'वॉर ऑफ ऑनर'मध्ये मँटिकोरचेच सरकार स्वार्थी आणि नादान निघते. दोन्ही राष्ट्रांमधील राजनैतिक पत्रव्यवहारात हेवनच्या मंत्र्याकडून फेरफार होतात आणि युद्ध पुन्हा पेटते. त्याचा दोष कोणाकडे किती, हा चाहत्यांच्या चर्चेतील बारमाही विषय आहे. २०१० च्या 'मिशन ऑफ ऑनर'च्या शेवटी हेवनची राष्ट्राध्यक्ष स्वत: मँटिकोरच्या राणीच्या भेटीस येते आणि कालचे शत्रू मित्र होतात. वाचकांना सुमारे सतरा वर्षे ज्यांचा राग धरायला शिकवले, त्यांच्याशीच हातमिळवणी करायला लावणे हे धाडसच होते.

स्त्रीच्या स्थानाचा प्रश्नही असाच. मँटिकोरच्या आरमारात स्त्री कप्तान ही बातमी नाही. ती नित्याची बाब आहे. १९९३ मध्ये हे चित्र अनेक वाचकांना मोकळा श्वास देणारे वाटले. दुसऱ्या कादंबरीतील ग्रेसन हा ग्रह मात्र कर्मठ, पुरुषप्रधान आणि बहुपत्नीकत्व मानणारा आहे. ऑनर तिथे आधी अवमानित होते आणि मग त्याच समाजाकडून सरदारकीचा मान मिळवते. ग्रेसनच्या माणसांची श्रद्धा लेखकाने टिंगलीचा विषय केली नाही, याचे कौतुक धार्मिक आणि निधर्मी अशा दोन्ही गटांतील वाचक करतात. नायिका अतिच गुणी आहे, तिच्या हातून चूक म्हणून होत नाही, हा आक्षेपही तितकाच जुना आहे.

लांबलेल्या बैठका

आक्षेपांची यादी इथे संपत नाही. पहिल्याच कादंबरीच्या शेवटी चित्तथरारक पाठलाग सुरू असताना लेखक मध्येच थांबून अवकाशप्रवासाच्या तंत्राचा इतिहास सांगू लागतो. काहींनी तो भाग डोळे मिटून ओलांडला, तर काहींना तोच सर्वाधिक आवडला. पुढे पुढे लढायांची जागा बैठकांनी घेतली. उपमालांतून तेच प्रसंग वेगवेगळ्या ठिकाणांहून पुन्हा सांगितले गेले. २०१६ च्या 'शॅडो ऑफ व्हिक्टरी'वर या पुनरुक्तीबद्दल निष्ठावंत वाचकही नाराज झाले. सुरुवातीच्या चकमकींत डझनावारी सुटणारी क्षेपणास्त्रे नंतर हजारोंच्या संख्येने सुटू लागली. मोठ्या आकड्यांत माणूस हरवतो, ही तक्रार रास्तच म्हणावी लागेल.

तरीही वाचक टिकून राहिले. यात प्रकाशकाच्या धोरणाचा वाटा मोठा आहे. जिम बेन (मृत्यू २००६) यांनी काही पुस्तके संगणकावर मोफत वाचण्यास खुली केली. 'वॉर ऑफ ऑनर'च्या पहिल्या आवृत्तीबरोबर आधीच्या पुस्तकांची तबकडी दिली आणि तिच्या प्रती काढून वाटण्यास मुभाही दिली. मुद्रितशोधन न झालेली प्रत प्रकाशनाच्या काही महिने आधी चढ्या भावाने विकण्याची प्रथाही याच संस्थेची. त्यामुळे पुस्तक दुकानात पोहोचण्यापूर्वीच त्यावरील वाद रंगलेला असे.

नायिकेने मरावे काय?

सर्वांत खोल वाद मात्र मरणाचा आहे. वेबर यांच्या मनातील मूळ आराखडा असा होता, की नेल्सनप्रमाणे ऑनरनेही निर्णायक विजयाच्या क्षणी प्राण ठेवावा. २००५ च्या 'अॅट ऑल कॉस्ट्स'मधील मँटिकोरची लढाई ही तिची ट्रॅफल्गार ठरायची होती. त्यानंतर काही दशकांचा काळ लोटून तिची मुले पुढील कथेचे नायक-नायिका होणार होती. खुद्द वेबर यांनीच ही गोष्ट पुढे सांगितली.

तसे घडले नाही. ऑनर वाचली ती चाहत्यांच्या विनवण्यांमुळे नव्हे. सहलेखक एरिक फ्लिंट (मृत्यू २०२२) यांनी या विश्वात लिहिताना माणसांना गुलाम म्हणून घडवून विकणाऱ्या मेसा ग्रहाच्या सत्तेला शत्रू म्हणून पुढे आणले. २००३ च्या 'क्राउन ऑफ स्लेव्ह्ज'मध्ये हा धागा ठळक झाला. वेबर यांनी मेसाचे कारस्थान पुढच्या पिढीसाठी राखून ठेवले होते. ते दोन-तीन दशके अलीकडे आल्याने मधला काळच उरला नाही. मुले अजून पाळण्यात आणि संकट दाराशी. मग लढणार कोण? ऑनरला जगावे लागले.

यावर वाचकांत सरळ दोन तट आहेत. एका मते हे वरदान होते. तिने डोळा गमावला, हात गमावला, प्रियकर गमावला. १९९८ च्या 'एकोज ऑफ ऑनर'मध्ये तर शत्रूने तिच्या फाशीचे बनावट चित्रण प्रसारित केले आणि तिच्या देशाने तिचा शोकही केला. इतके सोसलेल्या व्यक्तीला लेखकाने आणखी काय द्यायचे बाकी ठेवले होते? दुसऱ्या तटाचे म्हणणे अधिक कठोर आहे. ज्या मालेत सहकारी, शिष्य, अंगरक्षक आणि लाखो अनाम खलाशी मरतात, तिथे नायिकेला मिळालेली सूट युद्धाविषयीचे सत्य झाकते. हॉर्नब्लोअर म्हातारा होऊन निवृत्त झाला, नेल्सन मेला. ऑनरने यांपैकी कोणाचा मार्ग धरायचा, हे कथेच्या गरजेने ठरायला हवे होते, वेळापत्रकाने नव्हे.

हा वाद निकाली निघणारा नाही आणि त्यातच त्याचे मोल आहे. नौकेची घनता चुकली तर गणित करून ती दुरुस्त करता येते. मरण योग्य होते की जगणे, याचे गणित नसते. तीस वर्षे पहारा देणाऱ्या वाचकांना लेखकाच्या आकड्यांवर हुकूमत मिळवता आली, पण जिच्यासाठी ते पहाऱ्यावर उभे राहिले, तिचे भवितव्य त्यांच्या हाती कधीच नव्हते. आणि अखेरीस ते पूर्णपणे लेखकाच्याही हाती राहिले नाही.

२०१८ च्या 'अनकॉम्प्रमायझिंग ऑनर'मध्ये ऑनर सूडाच्या कडेलोटापर्यंत पोहोचते आणि तिथून परत येते. तिची मुख्य कथा या ठिकाणी थांबली. त्यानंतर वेबर आणि फ्लिंट यांची 'टू एंड इन फायर' (२०२१) आणि मालेतील जुन्या काळाकडे परतणारी 'टोल ऑफ ऑनर' (२०२४) ही पुस्तके आली. नव्या वाचकाने कालक्रमाच्या फंदात न पडता 'ऑन बेसिलिस्क स्टेशन'पासून प्रकाशनक्रमाने वाचावे, असा सल्ला बहुतेक जुने वाचक देतात. या सल्ल्याविषयी मात्र त्यांच्यात फारसा वाद नाही.